खोकला येतो

सिगारेट सोडल्याच्या एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी माझा खोकला माझ्या छातीतून बाहेर आला आणि हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसला. आत होता तेव्हा त्यानं मला फार छळलं होतं. बाहेर आल्यावर मात्र तसा सभ्य वाटला. उंचीनं माझ्या खांद्याला लागेल एवढा, अंगात माझा राखाडी स्वेटर, हातात माझाच चौकड्यांचा रुमाल. त्यानं रुमाल तोंडाला लावला, दोनदा खोकला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला.

"कोण आलंय?" माझ्या बायकोनं, शालननं, स्वयंपाकघरातून विचारलं.

"खोकला."

"तो रोजच येतो." मग ती बाहेर आली, तिनं त्याला नीट पाहिलं, पदराला हात पुसले आणि आत जाऊन चहाचं आधण वाढवलं. आलेल्याला चहा विचारल्याशिवाय तिला चैन पडत नाही, मग आलेला माणूस असो नसो.

मी श्वास घेतला. तो कुठंही न अडखळता पार पोटापर्यंत गेला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. खोकला घरात बसलाय खरा, पण माझ्यात नाही, एवढ्यावर मी खूश होतो.

मी एसटी स्टँडवर पुकारा करतो. एकतीस वर्षं झाली. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, बटण दाबायचं आणि माइकमध्ये सांगायचं, प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे, विट्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे. दोन पुकाऱ्यांच्या मध्ये गेटावरच्या रज्जाक तांबोळीच्या टपरीवर जायचं आणि एक ओढायची. हेही एकतीस वर्षं चाललं होतं. मग श्रावणात तेजूचा फोन आला. तेजू आमची एकुलती एक, पुण्याला दिलेली.

"बाबा, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तर मी येते," ती म्हणाली. "पण धुराच्या घरात बाळ आणणार नाही. तसं असेल तर मी सासूबाईंकडेच राहते."

शालन नुसती माझ्याकडे बघत राहिली. या बाईनं आतल्या खोलीत आधीच पाळण्याचा हूक शोधून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टपरीवर उभं राहून शेवटची सिगारेट पेटवली, अर्धी ओढली आणि निघालो. वाटलं, झालं, संपलं.

पण खोकल्याला वेताच्या खुर्चीत बसून तीन दिवसही झाले नव्हते तोच हाताला मुंग्या आल्या. पेपर वाचत होतो. बोटांच्या टोकांतून त्या एकेक करून उतरल्या, पेपर ओलांडून गेल्या आणि टीव्हीच्या टेबलाखाली रांगेत बसल्या. त्यानंतर तोंड आलं. ते जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाशेजारी येऊन पडलं, लालभडक, आणि आमटीचा वास लागला तरी हायहाय करायला लागलं. शालननं त्याला वाटीत दहीभात दिला. शुक्रवारी चक्कर आली. ती सडपातळ बाई होती, घेरदार परकर नेसलेली, आणि आल्यापासून हॉलमध्ये गोल गोल चालत होती. झोप तेवढी आली नाही. तिची आम्ही वाट पाहत होतो.

ज्या दिवशी जो आला त्या दिवसापासून मला त्याचा त्रास बंद झाला. हात मोकळे, तोंड मोकळं, डोकं मोकळं. तिखट खाऊ लागलो. जिन्यावरून दम न लागता चढू लागलो. शेजारच्या मानेवहिनी म्हणाल्यासुद्धा, भाऊजी, चेहऱ्यावर काय तुकतुकी आलीय तुमच्या. अडचण एवढीच होती की घर आवळत चाललं होतं. प्रत्येक आलेल्यामागे भिंती वीतभर आत यायच्या. हॉलला ते खपून जायचं. आतली खोली मात्र मुळातच लहान, तेजूसाठी रिकामी केलेली. तिच्यात पलंग टाकायचा होता. मी टेप घेऊन मोजायचो आणि दर दिवशी पलंग खोलीपेक्षा मोठा व्हायचा.

"यांना कधीपर्यंत ठेवून घ्यायचं?" मी शालनला विचारलं.

"मी ठेवून घेतेय होय? आलेत तुमच्याकडून," ती म्हणाली.

मी खोकल्याला रिक्षात घालून पाटणकर डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी त्याला जीभ दाखवायला सांगितली, त्याच्या पाठीला नळी लावली, स्वेटर वर करून दोन बोटांनी ठोकून पाहिलं. तो शहाण्यासारखा लांब लांब श्वास घेत होता.

"छान आहे," बाई मला म्हणाल्या. "इतक्या वर्षांचं साचलेलं निघतंय. होतं असं. घाबरू नका."

"पण हे जाणार कधी?"

"जातील आपणहून. थोडा वेळ लागतो. तुम्ही फक्त तिकडं परत जाऊ नका."

तिकडं कुठं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

खरं म्हणजे ते जायचे. रोज संध्याकाळी सहाला खोकला खुर्चीतून उठायचा, रुमालाची घडी करायचा आणि दारात चपला घालत म्हणायचा, "बराय, येतो." त्याच्यामागून चक्कर म्हणायची, "येते." मुंग्याही काहीतरी म्हणत असतील, पण ते ऐकू येत नसे. तोंडाला खोकला ओंजळीत उचलून न्यायचा. सगळे जिना उतरून जायचे. घर तेवढ्यापुरतं सैल व्हायचं, आणि सकाळी सातला दुधाच्या पिशवीबरोबर सगळे दारात हजर. खोकला येतो म्हणून गेला होता, तो आला होता. त्याच्यात त्याची चूक काय?

एका संध्याकाळी मात्र माझं डोकं फिरलं. "बराय, येतो," तो म्हणाला, तसा मी म्हणालो, "जा."

"अहो!" शालन आतून लाटणं घेऊनच धावत आली. "दारातून निघालेल्याला जा म्हणतात का कुणी? वळण काही आहे की नाही?" आणि त्याच्याकडे वळून, "या हं. मनावर घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी ते साडेसहालाच आले.

तेजू शुक्रवारी चारच्या गाडीनं यायची होती. सोमवारी मी कामावर निघालो तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्टँड जवळ आलंय. आमच्या कॉलनीपासून स्टँडपर्यंत विजेचे बावीस खांब आहेत, मी येताजाता मोजतो. त्या दिवशी नऊ लागले. पोस्ट ऑफिस नव्हतं, पिठाची गिरणी नव्हती, मध्येच शाळेची अर्धी भिंत होती आणि लगेच रज्जाकची टपरी.

रज्जाक पानाला चुना लावत होता. त्याच्यासमोर पत्र्याच्या कडेवर माझी अर्धी सिगारेट ठेवलेली होती, अडीच महिन्यांपूर्वीची. अजून जळत होती. तिच्यातून धुराची एक दोरी निघत होती, शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक, आणि ती रस्त्याच्या कडेकडेनं, खांबाखांबाला वळसा घालत आमच्या कॉलनीकडे गेली होती. दोरी ताणलेली होती.

"रज्जाक, टपरी सरकवलीस काय रे?"

"म्या हाय तितंच हाय, सायेब. तुमचं घर सरकतंय हिकडं." त्यानं मान न उचलताच सांगितलं. "त्या दिशी अर्धी ठेवून गेलासा तुमी. जाताना काय म्हनलासा, याद हाय?"

मला आठवेना.

"बराय, येतो, म्हनलासा."

"अरे, सवयीनं म्हणालो असेन."

"तुमी सवयीनं म्हनला. हिनं मनावर घेतलं." त्यानं सिगारेटकडे हनुवटी केली. "म्या लई येळा फुकली, पानी मारलं. न्हाई इझत. आता तुमीच जातो म्हना, म्हंजे सुटंल."

शब्द दोन अक्षरांचा. पण मी अठ्ठावन्न वर्षांत तो कधी स्वतःबद्दल उच्चारला नव्हता. माझ्या वडिलांनी एकदा उच्चारला होता. बाजाराला निघाले होते, घाईत होते. "जातो गं," म्हणाले. आई दारातून ओरडली, "येतो म्हणा!" ते हसले आणि सायकलवर बसले. पुलावर ट्रकनं उडवलं. मी नऊ वर्षांचा होतो. सायकलची घंटा तेवढी घरी आली, ती आईनं कितीतरी वर्षं कपाटात ठेवली होती. तेव्हापासून आमच्या घरात माणूस न्हाणीघरात निघाला तरी येतो म्हणतो. मला त्या शब्दाची भीती वाटते. लाजायचं काय त्यात, वाटते.

मी टपरीसमोर सरळ उभा राहिलो. "ज," मी म्हणालो. "ज... जरा घाईत आहे रे. येतो."

रज्जाकनं कपाळाला हात लावला. दोरी टणकन ताणली गेली. दुसऱ्या दिवशी तीनच खांब उरले.

शुक्रवारी एकही नव्हता. आमच्या जिन्याची एकच पायरी उरली होती, ती उतरली की फलाट क्रमांक एक. मी चपला न घालताच कामावर गेलो. केबिनच्या मागची भिंत आता आमच्या हॉलची भिंत होती आणि तिकिटाच्या खिडकीएवढ्या फटीतून मला घरातलं सगळं दिसत होतं. खोकला खुर्चीत, मुंग्या रांगेत, तोंड टेबलावर, चक्कर जागच्या जागी गिरक्या घेत होती कारण गोल चालायला जागा उरली नव्हती. घर सरकत सरकत टपरीपर्यंत पोचलं होतं. धुराची दोरी आता हातभरच होती आणि तिचं टोक तेजूच्या खोलीच्या खिडकीत शिरलं होतं. त्या खोलीत शालन पलंग उभा करून धरून बसली होती. आडवा टाकायला जागा नव्हती. गाडीतल्या दोघांच्या सीटएवढी खोली राहिली होती.

"अहो, काहीतरी करा," ती फटीतून म्हणाली. "पोरगी येईल आता."

"बघतो."

"बघतो काय! गेला महिनाभर बघताय."

चार वाजून पाच मिनिटांनी गाडी आली. मी बटण दाबलं. पुण्याहून येणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर येत आहे. माझा आवाज इतका स्वच्छ निघाला की दोन हमालांनी वर पाहिलं. तेजू दारात आली, एक हात दांड्याला, एक हात पोटाला. सातवा महिना तिला शोभत होता. तिनं एक पाय खाली ठेवला आणि थांबली. नाक वर केलं.

"बाबा, कसला वास येतोय हा?"

मी काचेआडून हात हलवला. काही नाही, ये, अशा अर्थानं. पण ती माझ्या बापाची नात आहे, तिला उगाच कुणी समजावू शकत नाही. तिनं तोंडाला ओढणी लावली. खाली ठेवलेला पाय उचलून परत पायरीवर ठेवला.

"तुम्ही सोडलीय म्हणाला होतात ना?"

"सोडलीय! शपथ!"

"मग हा धूर कुणाचा?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी याच गाडीनं परत जाते."

"अगं, येते म्हण, येते!" फटीतून शालन किंचाळली.

माझा अंगठा अजून बटणावर होता. समोर पुकाऱ्याचा कागद होता. विट्याला जाणारी, तासगावला जाणारी, पाटणला जाणारी. तेव्हा मला एकदम दिसलं. हा शब्द मी रोज शंभरदा बोलतो. एकतीस वर्षं बोलतोय. अख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल असा बोलतोय. आणि माझ्या या 'जाणारी'नं कुणाला काही झालेलं नाही, लोक आपापल्या गावाला पोचलेत, लग्नं लावलीत, बाजार केलेत.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे," मी म्हणालो. "जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे."

आमच्या स्टँडला पाचच फलाट आहेत. तरी सहाव्यावर गाडी लागली होती, लाल, धुतलेली, पाटी कोरी. घरात एकच धांदल उडाली. पुकारा ऐकल्यावर बसून राहील असा कुणी आमच्या भागात नाही. चक्कर परकर सावरत पळाली. मुंग्या फटीतून, माझ्या कागदावरून, फलाटावरून रांगेनं निघाल्या आणि एकेक करून गाडीत चढल्या. खोकल्यानं तोंडाला काखेत घेतलं, धावत जाऊन खिडकीतून आत आपला चौकड्यांचा रुमाल टाकला, जागा धरली, मग दारानं चढून बरोबर त्या रुमालावर बसला. मला त्याचं कौतुक वाटलं. माझ्यातूनच निघालेला ना तो.

गाडी सुरू झाली, थरथरली, पण हलेना. खोकल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बराय," तो म्हणाला, "येतो."

"येतो नाही. जातो म्हणा."

"असं कसं म्हणू? घरच्या माणसाला?" त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "तुम्हीच येतो म्हणून गेला होतात. तुम्ही म्हणा."

माइक चालू होता. फलाटावरचे लोक माझ्याकडे बघत होते. फटीतून शालन बघत होती आणि तिनं मान जोरात हलवली, नको, नको. मला वडिलांची सायकल दिसली, मागच्या चाकावरची चिखलाची पट्टीसुद्धा दिसली. पलीकडे तेजू पायरीवर उभी होती आणि तिच्या गाडीचा कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून विचारत होता, ताई, उतरताय का बसताय?

"रज्जाक," मी माइकमध्ये म्हणालो, "मी जातो."

सगळ्या कर्ण्यांतून तो शब्द एकदम बाहेर पडला. टपरीच्या पत्र्यावर सिगारेट चुर्र झाली आणि विझली. रज्जाकनं ती उचलली, निरखून पाहिली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "सुटलासा, सायेब," तो म्हणाला. धुराची दोरी मधोमध तुटली. सहाव्या फलाटावर घंटी दोनदा वाजली आणि कोरी पाटी घेऊन गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

मग घर मागं जायला लागलं. आधी केबिनची भिंत वेगळी झाली. मग खांब आले, एक, दोन, पाच, शाळेची अख्खी भिंत, गिरणी, पोस्ट ऑफिस. मी मोजत राहिलो. बावीस भरले.

शालन ते बावीस खांब धावत आली. केबिनमध्ये शिरली आणि तिनं माझ्या तोंडावर तळवा दाबला. हाताला कणकेचा वास होता. "काय बोललात हे? कुठं जाताय तुम्ही?"

"कुठं नाही. तिकडून जातो म्हणालो. इकडं येतोच आहे."

"मग म्हणा येतो."

"येतो."

"आणखी म्हणा."

मी अकरा वेळा म्हणालो, तेव्हा तिनं हात काढला. तेजू तोवर उतरून, पिशवी घेऊन काचेपाशी आली होती. तिनं नाक वर करून हुंगलं. "गेला वास," ती म्हणाली. "डिझेलचा येतोय नुसता." आणि हसली. ती लहानपणी हसायची तशीच हसली, खालचा ओठ चावून. मी रडलो. काचेच्या केबिनमध्ये, सगळ्या स्टँडसमोर, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

घरी आतल्या खोलीत पलंग पहिल्या झटक्यात बसला. वर दोन्ही बाजूंनी हातभर जागा उरली. हूकही जागेवर होता. शालननं दूध तापत ठेवलं होतं, त्याचा वास मला हॉलमध्ये आला, साईचा वेगळा आणि पातेल्याच्या तळाचा वेगळा. खिडकीतून मानेवहिनींच्या वाळत घातलेल्या चादरीचा आला. मी उभ्या उभ्या नुसता श्वास घेत होतो. कुणी चहा मागत नव्हतं, कुणी फिरत नव्हतं. इतकं हलकं मला लग्नानंतर वाटलं नव्हतं, असं मी बोललो तर शालन म्हणाली, लग्नाआधी वाटत होतं वाटतं, आणि आम्ही तिघं हसलो.

"बाबा, पाठ दुखतेय, टेकते जरा," तेजू म्हणाली आणि वेताच्या खुर्चीकडे गेली. तिथं थांबली. तिनं आयुष्यभर एसटीनं प्रवास केलाय, त्यामुळे ती बसली नाही. वाकून पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"इथं कुणी आहे का?"

खुर्चीवर चौकड्यांचा रुमाल टाकलेला होता, गाडीतून गेलेला तोच. व्यवस्थित घडी केलेला, मधोमध.

शालननं माझ्याकडे पाहिलं. मी छाती भरून श्वास घेतला. तो कुठंही अडला नाही.

"कुणी नाही," मी म्हणालो. "बस तू."

तेजूनं रुमाल उचलला आणि ती बसली. वेत नेहमीसारखा करकरला. रुमाल तिनं मांडीवर ठेवला आणि सहज उलगडला. एक घडी उघडली, मग दुसरी, मग तिसरी. तो तिच्या गुडघ्यांवरून खाली आला, बाळाच्या दुपट्याएवढा झाला, मऊ, धुराचा वास नसलेला, अजून उबदार, आणि तिच्या बोटांत आणखी एक घडी शिल्लक होती.